शूराचा वाटा

वाढप्याने रानडुकराच्या मांडीचा तुकडा माझ्यासमोरून नेला आणि एथ्नाच्या ताटात ठेवला. सगळ्या पंगतीच्या माना तिच्याकडे वळल्या. आम्हा आयर्लंडच्या लढवय्यांत तो शूराचा वाटा. जो खाईल, त्याने उद्या सकाळी नदीत उतरून शत्रूच्या सर्वांत तगड्या वीराशी एकट्याने लढायचं. वीस वर्षं तो माझ्याच ताटात पडला. मी राणी म्हणून नव्हे, माझ्या भालाफेकीमुळे.

आणि आता ही पोर! भाला धरायला हिला मीच शिकवलं, आणि सगळ्यांच्या नजरा हिच्यावर? माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"अजून मी मेले नाही!" मी ओरडले. तिच्या ताटातला तुकडा उचलून मी भला मोठा लचका तोडला.

एथ्नाचा चेहरा पांढराफटक पडला. ती माझ्या कानाशी वाकली. "राणीसाहेब, वाढप्याला मीच पढवलं होतं. तुमचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. महिनाभर बघतेय मी."

पंगतीत माझ्या नावाचा जयघोष सुरू झाला होता. तोंडातला घास मला थुंकता येईना. डाव्या हातातला तुकडा मी पुन्हा तोंडाला लावला.