मागच्या सीटचा पट्टा

दारावर टकटक झाली आणि गॅरेजमध्ये बाबांच्या हातातला पान्हा थांबला. फ्लोरिडातल्या या निवृत्तांच्या वसाहतीत मी घटस्फोटानंतर पाच वर्षांच्या हॅटीला घेऊन त्यांच्याकडे राहायला आले, तेव्हापासून ते तिच्यासाठी जुन्या गोल्फ कार्टला नव्या बॅटऱ्या, नवी मोटर बसवत होते. आज मागच्या सीटला पट्टा लावणं चाललं होतं.

दारात शेजारच्या मार्लीन. "नातवंडांना इथं वर्षात तीसच दिवस राहता येतं, नियम आहे. आज एकतिसावा. मी वसाहतीच्या ऑफिसात तक्रार दिलीय."

"माझ्या लेकीचे दिवस मोजत बसलात?" माझा आवाज चढला. "आणि तुमची नातवंडं इथं किती दिवस राहिली, ते मोजलंत कधी?"

त्यांनी मान खाली घातली. "एकही दिवस नाही."


हॅटीनं माझा हात ओढला. "आई, मग यांचे तीस दिवस मला मिळतील?"