तीन नळ्या

"किती?" संहिताने विचारलं.

रघुवीरराव बग्गीच्या इंजिनाखाली पाठीवर पडले होते. तेलाचा थेंब कपाळावर पडला, तो त्यांनी मनगटाने पुसला. आधी बोटांनी चाचपलं, मग बॅटरी जवळ धरून पुन्हा पाहिलं.

"तीन."

"तीन?"

"तीन," ते म्हणाले आणि थोडा वेळ तसेच पडून राहिले.

बग्गी म्हणजे नुसता लोखंडी सांगाडा, चार दांडगी चाकं आणि मागे एका जुन्या जर्मन मोटारीचं इंजिन. त्या इंजिनाच्या पोटाशी पातळ पत्र्याच्या आठ नळ्या असतात. प्रत्येकीतून व्हॉल्व्ह उघडणारा एक सळईसारखा पुशरॉड मागेपुढे सरकतो आणि त्याच वाटेने तेल परत येतं. त्या आठांपैकी उजवीकडच्या तीन चेपल्या होत्या, टोकांशी चिरल्या होत्या. सकाळी शेडचं कुलूप उघडलं तेव्हा फरशीवर तेलाचं थारोळं होतं. शेडच्या किल्ल्या दोनच, एक तिची, एक त्यांची. संहिताची आई गेल्यापासून घरात माणसंही दोनच, बाप आणि लेक.

"परवा मानपुरला दगड लागला असणार," संहिता म्हणाली. "मग झिरपत राहिलं."

"असेल," रघुवीरराव म्हणाले. "तिकडे दगडांना काय तोटा."

उद्या सकाळी आठला त्याच मानपुरच्या डोंगरात शर्यत होती. आयटीआयमधून निवृत्त झाल्यावर रघुवीररावांनी महूच्या एका मेजरसाहेबांकडून ही बग्गी मोडकळीला आलेली आणली, दोन वर्षं खपून उभी केली. संहिताने ऑफिस सांभाळून तीन महिने सराव केला. पंधरा दिवसांपूर्वी सरावातच एक गाडी तिच्या डोळ्यांदेखत उलटली. चालवणारा मुलगा अजून दवाखान्यात होता. घरी आल्यावर तिने हे दोन वाक्यांत सांगितलं. त्यानंतर तो विषय कोणी काढला नाही.

रघुवीररावांनी महूच्या श्रीराम मिस्त्रीला फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

"मास्तर, हेड उतरवल्याशिवाय नळी निघत नाही, हे तुम्हीच पोरांना शिकवलं ना? इंजिन खाली घ्या, हेड खोला, पूरे तीन दिन. पुढच्या साली पळवू द्या ताईला. डोंगर कहीं भागा नहीं जा रहा, भिया."

फोन ठेवला. संहिता हातातल्या फडक्याला पीळ देत उभी होती.

"ठीक आहे," ती म्हणाली. "राहू द्या मग."

आवाज इतका बारीक होता की रघुवीररावांना तिच्याकडे बघवेना. ते उठले, पाना जागेवर ठेवला, पुन्हा उचलला. मग फळीवरचा बिस्किटांचा जुना डबा त्यांनी खाली काढला.

"एक इलाज आहे," ते म्हणाले.

डब्यात मेजरसाहेबांनी दिलेल्या चार नळ्या होत्या. दोन तुकड्यांच्या, मधे स्प्रिंग. दाबून आखूड करायच्या, जागेवर धरायच्या आणि सोडायच्या. हेडला हात लावावा लागत नाही.

संहिता डब्याकडे बघत राहिली. "बाबा, उगीच जिद्द नका करू. तुमची कंबर..."

"कंबरेचं सोड. तीन महिने मेहनत कोणी केली?"

"मेहनत तर तुम्ही केली. पूरी बग्गी उभी केली."

"मग ती काय शेडमध्ये शोभेला ठेवायची?"

तिने बाह्या वर सारल्या.

व्हॉल्व्हचं झाकण निघालं. पुशरॉडवर टेकलेले रॉकर सुटले. पुशरॉड एकेक करून बाहेर आले. रघुवीररावांनी पुठ्ठ्याला चार भोकं पाडून नंबर टाकले होते, संहिता त्यात ते खोचत गेली. ज्याचा तो ज्याच्या त्याच जागी परत गेला पाहिजे. दुसरा चेपलेल्या जागी अडकला, वीस मिनिटं हलला नाही.

"सोडून द्यायचं का?" तिने विचारलं.

"तू म्हणत असशील तर."

"मी कुठे म्हणते?"

त्यांनी पकडीने पुन्हा जोर लावला. पुशरॉड निघाला. जुन्या नळ्या टोकाशी पकडीत चिरडून त्यांनी ओढून काढल्या आणि वर्तमानपत्रावर टाकल्या. काळ्या तेलात आणि धुळीत लडबडलेल्या होत्या. बसायच्या जागा घासून घेतल्या. जेवणाची वेळ टळून गेली. ताट झाकलेलंच राहिलं, भूक दोघांनाही नव्हती.

शेवटच्या नळीचा रबरी वायसर किंचित तिरका बसला. रघुवीररावांचा हात थांबला. असाच राहिला तर उद्या दहा किलोमीटरवर तेल सुटेल आणि गाडी आपोआप थांबेल. संहिता बॅटरी धरून शेजारीच होती.

"बसला?"

"नाही," ते म्हणाले. नळी दाबून वायसर बाहेर काढला आणि सरळ करून पुन्हा बसवला. चाळीस वर्षं पोरांना बोटावर पट्टी मारून हेच शिकवलं होतं.

पाच वाजता त्यांनी रॉकर आवळले, फीलर गेज घालून फट मापली, तेल भरलं. इंजिन पहिल्या चावीला लागलं. दहा मिनिटं ते धडधडत राहिलं. संहिता खाली आडवी होऊन बघत होती.

"थेंब नाही, बाबा."

"नीट बघ."

"बघितलं. एकदम कोरडं." तिने इंजिन बंद केलं. "परत नाही ना सुटणार?"

"माझ्या हातचं काम आहे."

"माहीत आहे," ती म्हणाली. "पहाटे पाचला निघू मग." आणि हेल्मेट उचलून घरात गेली.

रघुवीररावांनी हत्यारं पुसून ठेवली. जुन्या नळ्या भंगारात टाकण्याआधी सवयीने त्याही रॉकेलच्या फडक्याने पुसल्या. तेल निघालं तसे खळगे स्पष्ट झाले. दगडाचा ओरखडा एकीवरही नव्हता. तिन्हींवर हातोडीच्या तोंडाचे गोल ठसे होते, दोहोंवर मोठ्या हातोडीचे, तिसरीवर लहान हातोडीचा.

तिसरी नळी त्यांनी पुन्हा उजेडात धरली. काल दुपारी, संहिता ऑफिसात असताना, मोठी हातोडी घेऊन त्यांनी दोनच नळ्या ठोकल्या होत्या.