रोग न लागणारी मोहरी

संचिताने चप्पल काढली न काढली तोच आईने तिला पाटावर बसवलं. "पूर्वेला तोंड कर. आणि मध्ये बोलायचं नाही, नाहीतर सगळं फुकट."

वाद घालायला अंगात त्राण होतं कुठे? कल्याणच्या संशोधन केंद्रात कित्येक वर्षं ती कॅनोलाच्या रोपांना मुद्दाम रोग लावत होती. कॅनोला म्हणजे आपल्या मोहरीचीच परदेशी बहीण, पण नखरे भारी. बुरशी लागली की खोड सडून आडवी. लावलेली सगळी रोपं अशीच गेली. एकच उभं राहिलं. त्याचं बी काढून झाल्यावर तेही कापून तपासलं. केंद्रातला फ्रिज बिघडला म्हणून शनिवारी ते बी पाकिटात घालून तिने टिटवाळ्याला, घरी आणून ठेवलं होतं.

आई मूठ ओवाळत पुटपुटत होती. घरच्याची, दारच्याची, आल्यागेल्याची. संचिताने डोळे मिटले. बरं वाटत होतं, खोटं कशाला बोला.

मग तव्यावर तडतड सुरू झाली. तिने डोळे उघडले. ओट्यावर खाकी पाकीट पडलं होतं. फाडलेलं, रिकामं.

"आई, ही मोहरी..."

"तीच गं! तूच म्हणालीस ना, हिला रोग लागत नाही? मग दृष्ट काढायला याहून चांगली कुठली मिळणार? डब्यातली साधी कशाला घेऊ? तोंड बघ आरशात, वाळून काडी झालीयेस."

"सगळी घेतलीस?"

"लेकीपुढे मोहरीचा हिशेब करू होय?"

संचिता उठली. तिचा हात गॅसच्या बटणापर्यंत गेला आणि तसाच परत आला. तव्यातलं बी तडकून कोळसा झालं होतं. जळलेलं बी रुजत नाही, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

फोन वाजला. केंद्रातल्या यज्ञेश सरांचा मेसेज होता. 'उद्या बी घेऊन ये. पेरणी सुरू करू.' आता रडू येईल असं तिला वाटलं. आलं नाही. आईवर ओरडावं म्हटलं, तर तेही जमेना.

मिरच्यांचा धूर घरभर झाला. बाहेरच्या खोलीत बाबा खोकून खोकून लाल झाले. "अगं वासंती, खिडकी उघड! जीव घेतेस का?" शेजारच्या कुणीतरी आपलं दार धाडकन लावून घेतलं.

आईने पदर नाकाला लावला आणि लेकीकडे निरखून पाहिलं. "ठसका लागतोय का गं तुला?"

संचिता तव्याशीच उभी होती. भर धुरात.

"नाही."

"बघ!" आईला हायसं वाटलं. "म्हणत नव्हते मी? मोठीच लागली होती. आता गेली."