गोळीचा असर

"सर्दी असेल तर पाण्यात उतरायचं नाही," असं सांगून मी पुण्याच्या पाहुण्याला मालवणच्या किनाऱ्यावरच बसवलं. माझंही नाक सकाळपासून चोंदलेलं होतं.

दादाने काउंटरमागून गोळी पुढे केली. "घे गो, नाक मोकळा होतला. बोटीत माणसा बसली हत." स्कूबा सेंटर त्याचं, प्रशिक्षक मी एकटीच. रोजच्या फॉर्मवर 'औषध घेतलं आहे का?' या प्रश्नापुढे मी 'नाही' लिहिलं.

त्या दिवशी सिलिंडरांत जास्त ऑक्सिजनची हवा भरली होती. तिच्यामुळे खोल पाण्यात जास्त वेळ थांबता येतं, म्हणून आम्ही थांबलो. गोळीचा असर मात्र तेवढा वेळ टिकला नाही, नाक पुन्हा चोंदलं. वर येताना कानात अडकलेली हवा फुगत गेली. पाहुण्यांचे सिलिंडर संपत आले होते, त्यामुळे कानाला आराम द्यायला मला पुन्हा खाली उतरता येईना. वरचा उजेड हाताच्या अंतरावर असताना कानाचा पडदा फाटला.

डॉक्टर म्हणाले, तो कान गेला, पुन्हा पाण्याखाली जायचं नाही. दादा म्हणाला, गोळीचं कुणाला सांगू नको, सेंटर बंद पडेल.

पुढच्या मोसमात मी काउंटरवर बसू लागले. नवी प्रशिक्षक एकदा शिंकतच आली. "घे गो, नाक मोकळा होतला," हे दादाचे शब्द मला उरलेल्या कानाने स्वच्छ ऐकू आले. तिने गोळी गिळली आणि फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "ताई, औषधाचं काय लिहू?"

मी तिच्या हातातलं पेन घेतलं आणि 'नाही' लिहिलं. बोटीत माणसं बसली होती.