ताशी तीन किलोमीटर

मेकॅनिकने गाडीखालून डोकं बाहेर काढलं. "टाकी ठणठणीत आहे. थेंबभरसुद्धा गळत नाही."

"मग पेट्रोल जातं कुठे?" मुलाने विचारलं.

बाबा जुन्या टायरांच्या ढिगाशेजारी स्टुलावर बसले होते. त्यांनी घाईघाईने भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं. ते मागच्या वर्षीचं होतं, तरी त्यांनी मन लावून वाचलं.

आई गेल्यापासून मुलगा महिन्यातून एकदा दुसऱ्या गावाहून येई. औषधं आणून ठेवी, गेलेला दिवा बदली आणि परतायच्या आधी गाडीची टाकी काठोकाठ भरून देई, म्हणजे बाबांना महिनाभर बघायला नको. या खेपेला आला तर काटा तळाला टेकलेला. मागच्या खेपेलाही तेच. आधी त्याला चोरीचा संशय आला, मग टाकी फुटल्याचा. "जन्मभर गावाच्या पाण्याची गळती शोधलीत आणि स्वतःच्या गाडीची सापडेना?" असं तो सकाळी थट्टेने म्हणाला होता. पाणीखात्यातून निवृत्त झालेले बाबाही हसले होते, पण जरा उशिराच.

मेकॅनिकने बोटांवर हिशोब मांडला. "टाकी सदतीस लिटरची. काका सावकाश चालवतात, लिटरला पंधरा धरा. म्हणजे एका टाकीत साडेपाचशे किलोमीटर कुठे गेले नाहीत. काका, महिन्यात फिरलात किती?"

"असेल थोडंफार," बाबा म्हणाले.

"ब्याण्णव." मुलगा खिडकीतून मीटरवर वाकला होता. टाकी भरली की मीटर शून्यावर आणायची त्याची सवय. "भाजी आणि वाचनालय. जातात कुठे ते दुसरं?"

"ब्याण्णवला सहा लिटर खूप झाले. तीसेक लिटरचा पत्ताच नाही." मेकॅनिकला आता चेव आला. त्याने हात पुसले, गाडीत बसून किल्ली फिरवली आणि मीटरशेजारचं बटण दाबत एकेक आकडा पुढे सरकवू लागला.

बाबांनी स्टूल जरा मागे सरकवलं. गाडी एवढी चुगलखोर असेल हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"हे बघा! सरासरी वेग, ताशी तीन किलोमीटर." मेकॅनिक खो-खो हसला. "यापेक्षा माणूस पायी पुढे जाईल, साहेब! ही गाडी चालते कमी आणि उभी जास्त असते, इंजिन सुरू ठेवून. रोज तासभर तरी. एसी लावून बसलं की तासाला लिटरभर सहज उडतं."

मुलगा बाबांकडे वळला. "बाबा?"

"उकडतं रे हल्ली."

"घरात एसी आहे."

"गाडीत रेडिओ ऐकता येतो."

"गाडीतला रेडिओ दोन वर्षं बंद आहे."

बाबा पुन्हा कॅलेंडरकडे वळले. खोटं बोलायची सवय नसली की असं होतं, दुसऱ्याच वाक्याला माणूस तोंडघशी पडतो. मुलगा मात्र हसला नाही. तो घाबरला होता आणि घाबरला की त्याचा आवाज चढायचा.

"गाडी सुरू करून विसरून जाता का तुम्ही? खरं सांगा. तसं असेल तर उद्याच डॉक्टरांना दाखवू. आणि ही गाडी आजच विकून टाकू. काय हो, घ्याल का?"

मेकॅनिकने गाडीवरून नजर फिरवली. आत्तापर्यंत तो दुरुस्त करणाऱ्याच्या नजरेने बघत होता, आता घेणाऱ्याच्या. ती नजर बाबांना बघवली नाही. विसरता आलं असतं तर कशाला बसलो असतो, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं.

"विसरत नाही मी," ते म्हणाले. "मुद्दाम सुरू करतो."

"कशासाठी?"

बाबांनी मेकॅनिककडे पाहिलं. परक्या माणसासमोर बोलायची गोष्ट नव्हती. पण न बोलावं तर गाडी जात होती.

"कुठे निघायचं असलं की मी आधी खाली येऊन गाडी सुरू करायचो, आठवतं? आवाज ऐकला की तुमची वर एकच पळापळ. तू एका पायात चप्पल घालून धावत यायचास. ताई जिन्यातच वेणी घालायची. तुझी आई खाली येऊन दार उघडायची आणि नळ बंद केलाय का बघायला पुन्हा वर जायची." ते थांबले. "आता वर कोणी नाही, हे कळतं मला. डोकं ठिकाणावर आहे माझं. पण वर बसलो की घर खायला उठतं रे. खाली गाडी सुरू करून बसलं की वाटतं, येतायत सगळे."

मेकॅनिकने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि पाना शोधायच्या निमित्ताने आत गेला. आत तो बराच वेळ शोधत राहिला.

गाडीच्या दाराला टेकून मुलगा जमिनीवरच्या तेलाच्या डागाकडे बघत राहिला.

"पण रोज तासभर, बाबा?" शेवटी तो म्हणाला.

"मग?" बाबा म्हणाले. "तुझी आई तासाच्या आत कधी खाली आली होती?"