चार बोटं खाली

ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या घरामागच्या गोदामात धान्यपेठेच्या काळचा मोठा तराजू अजून लटकलेला होता. दसऱ्याला त्याची पूजा करायची आणि त्या दिवशी तो रिकामा ठेवायचा नाही, ही घरची जुनी रीत. लग्नाच्या वर्षी पद्मिनी आणि नरहरी त्याच्या दोन पारड्यांत बसले होते, तेव्हा काटा मधोमध थांबला होता.

नरहरीला जाऊन तीन वर्षं झाली. तरी दर दसऱ्याच्या दुपारी पद्मिनी एकटीच पारड्यात बसायची आणि दोन्ही पारडी एका पातळीत अधांतरी राहायची.

यंदा तिचं पारडं चार बोटं खाली गेलं.

"काहून वाळून राहिले हो तुम्ही?" ती समोरच्या रिकाम्या पारड्याकडे बघत म्हणाली.

संध्याकाळी सून निधीनं विचारलं, "आई, खाना लगा दूँ?"

"नको. पुढच्या दसऱ्यापर्यंत मले चार बोटं वर यायचं आहे."