छान म्हणजे नापास

"भरून घे दादा. अर्धा चमचा काय घेतोस, औषध आहे का ते?" धाकटा भाऊ म्हणाला.

दादानं चमचा परत बरणीत बुडवला. लालभडक, दाट सॉस. शेडमधल्या सगळ्यांनी हातातलं काम टाकलं होतं. बाटल्या धुणारी मावशी ओल्या हातांनी तशीच उभी. झाकणं लावणारा तिच्या खांद्यावरून मान लांब करून बघत होता. दुसऱ्याचं तोंड भाजताना बघायची माणसाला केवढी हौस!

जगातला सगळ्यात तिखट सॉस आपलाच, असं धाकट्यानं लेबलवर छापलं होतं. खरं-खोटं कोण बघायला येतंय! पण प्रत्येक हंडा बाटल्यांत जाण्याआधी दादाच्या जिभेवरून जायचा. कामगार त्याला 'थर्मामीटर' म्हणायचे. आणि या थर्मामीटरची तऱ्हा उलटी होती. सॉस जमला की तो करणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. शिव्या ऐकल्या की करणाऱ्याचा जीव भांड्यात पडायचा. चाखून तो शांतपणे "छान आहे" म्हणाला, की अख्खा हंडा मोरीत. छान म्हणजे फिकं. छान म्हणजे नापास. एक नवा आचारी पहिल्याच दिवशी 'छान' ऐकून लाजला होता, तेव्हा सगळी शेड पोट धरधरून हसली होती.

मग दादाच्या जिभेवर गाठ आली. डॉक्टरांनी ती कापली, जीव वाचवला आणि तोंड बधिर करून हातात दिलं. चव परत येईल का, असं बायकोनं विचारलं. "येईलही. वाट बघा," डॉक्टर म्हणाले. वाट बघायला सांगायला त्यांचं काय जातं! जखम अजून ओली आहे, तिखटाचा थेंबसुद्धा नको, असंही त्यांनी बजावलं.

धाकट्याला वाट बघायची नव्हती. त्यानं चाखायला दुसरा माणूस हेरून ठेवला होता.

"राग मानू नकोस दादा. जीभ चालत असेल तर खुर्ची तुझीच. नसेल तर लेबलं चिकटव. मान तोच राहील."

लेबलं चिकटवणाऱ्याला कसला आलाय मान!

बायकोनं दिराच्या हातापाया पडून बघितलं. "भावजी, जखम भरेपर्यंत तरी थांबा."

"एका चमच्यानं काय होतंय वहिनी?"

"मग सॉस मी करीन," शेवटी ती म्हणाली. "घरून करून आणीन."

याला कुणाची हरकत असणार? तिच्या हातचा सॉस खुद्द थर्मामीटरला घाम फोडायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

दादानं चमचा तोंडात घातला. ओठ मिटले.

बायको बरणीचं झाकण मुठीत आवळून त्याच्या तोंडाकडे बघत होती. तिचे स्वतःचे ओठ हलत होते. लहान मुलाला बोलायला शिकवताना आईचे हलतात तसे.

काहीच झालं नाही. दादानं धाकट्याकडे बघितलं. मावशीकडे बघितलं. कोपऱ्यातल्या लेबलांच्या गठ्ठ्यांकडे बघितलं. आणि एकदम त्याचे डोळे भरले. पाणी घळाघळा गालांवर आलं. त्यानं चमचा भिरकावला, पाय आपटले, दोन्ही हातांनी टेबल धरलं.

"आई गं! कुणी केलं हे? कुठल्या सटवीनं? हात झडतील तिचे! वाटोळं होईल तिच्या खानदानाचं!"

शेडमध्ये एकच गलका झाला. मावशीनं ओल्या हातांनीच टाळ्या पिटल्या. झाकणवाला पाणी आणायला धावला. धाकट्यानं दादाला घट्ट मिठी मारली. बोलून चालून भाऊच तो.

"आला! माझा दादा परत आला!" तो ओरडला. "आणि वहिनी, इतक्या झणझणीत शिव्या खाल्ल्यात, आता तरी हसा की! बघू, मीही बोट लावतो जरा."

त्यानं बरणीकडे हात केला. तिनं बरणी छातीशी ओढली.

"तुम्हाला नाही झेपायचं, भावजी. उद्या कामावर यायचंय ना?"

पुन्हा हशा. तेवढ्यात तिनं मोरीपाशी जाऊन बरणी उलटी केली आणि नळ पूर्ण सोडला.

"अहो, सगळी ओतलीत?"

"घरात राहिली तर हे परत चाखतील. डॉक्टरांची बोलणी मला खावी लागतात."

घरी जाताना दादाची टकळी बंद होईना. आधी जिभेचं टोक कसं पेटलं, मग कानशिलं कशी तापली, मग घशातून निखारा कसा खाली उतरला. ती ऐकत होती. हं हं करत होती.

"तुझ्या हाताला तोड नाही," तो म्हणाला. "पण आज मिरची जरा जास्तच झाली हं. खरं सांगतो."

ती थांबली. त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो हसत होता. बधिर ओठाच्या कोपऱ्यातून सॉसचा एक ओघळ हनुवटीवर येऊन वाळला होता. त्याला पत्ताच नव्हता. तिनं बोट ओलं केलं आणि तो डाग हळूच पुसला.

"हो," ती म्हणाली. "हात सुटला माझा."

टोमॅटो, मीठ आणि रंगापुरतं बीट. मिरचीचं एक बीसुद्धा तिनं त्यात घातलं नव्हतं.